कांदा कुजवणारा जिवाणू आणि शिरेतील नळी

मानेतील किंवा गळपट्टीच्या हाडाखालील मोठ्या शिरेतून हृदयालगतच्या महाशिरेपर्यंत सरकवलेली नळी, म्हणजेच सेंट्रल लाइन, केमोथेरपी व डायलिसिसच्या रुग्णांना आधार देते. मात्र तीच जिवाणूंना थेट रक्तात जाण्याची वाटही ठरू शकते. असे संसर्ग बहुधा त्वचेवरील परिचित जिवाणूंमुळे होतात; क्वचित मात्र बर्खोल्डेरिया सेपेशियासारखा अनोळखी जीव आढळतो. अमेरिकेतील वॉल्टर बर्खोल्डर यांनी 1950 मध्ये कांदा कुजवणारा म्हणून त्याचे वर्णन केले. ओलाव्यात आणि सौम्य जंतुनाशकातही तग धरणारा हा जिवाणू नळीच्या आतील भिंतीवर जैवपटल, म्हणजे चिकट आवरण, विणून राहतो, आणि कोलिस्टिनसारख्या अखेरच्या फळीतील औषधालाही तो उपजतच दाद देत नाही.

मुंबईतील एका केमोथेरपी दिवस-उपचार कक्षात असा उद्रेक झाला, तेव्हा 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दोष उलटीविरोधी औषधातच, म्हणजे कारखान्यातून आलेल्या कुपीत, निघाला. हात कितीही धुतले तरी तो टळला नसता, हे यातील सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे.

म्हणून नागपुरात मेयोसारख्या सार्वजनिक रुग्णालयापासून खासगी दवाखान्यापर्यंत सर्वत्र, नळी असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर प्रतिजैविकाआधी नळीतून व हातातून एकाच वेळी रक्त घेऊन कल्चर करणे अत्यावश्यक ठरते. नळीतील नमुन्यात जिवाणूंची वाढ किमान दोन तास आधी दिसली, तर उगम नळीत असल्याचे मानले जाते आणि या जिवाणूच्या बाबतीत ती नळी सहसा काढावीच लागते.