डीपस्लेट आणि दगडी पाटी

शिक्षकांच्या एका शिबिरात खडकांवरचे सत्र संपल्यावर एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांच्या हातात नववीच्या एका मुलाची उत्तरपत्रिका होती. प्रश्न होता, 'जमिनीत खोल खणत गेल्यास कोणकोणते खडक लागतील?' मुलाने लिहिले होते, 'आधी साधा दगड, मग डीपस्लेट आणि सर्वांत खाली बेडरॉक.' बाईंनी शून्य गुण दिले होते. मुलगा मात्र ऐकायला तयार नव्हता. त्याचे म्हणणे, 'बाई, मी स्वतः खणून पाहिलंय.'

'सर, डीपस्लेट नावाचा खडक खरंच असतो का?' बाईंनी विचारले. मलाही हे नाव नवे होते. घरी आल्यावर भाच्याला विचारले, तेव्हा त्याने संगणक उघडून मला थेट जमिनीखाली नेले.

हा खडक माइनक्राफ्ट नावाच्या खेळातला आहे. स्वीडनमध्ये तयार झालेला आणि २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आलेला हा खेळ आज जगभरची मुले खेळतात. त्यातले सारे जग ठोकळ्यांचे असते, आणि प्रत्येक ठोकळ्याची बाजू एक मीटर धरलेली असते. मुले कुदळ घेऊन खणतात, खनिजे गोळा करतात आणि त्यांतून घरे, हत्यारे बनवतात. २०२१ मध्ये खेळाच्या निर्मात्यांनी हे जग आणखी ६४ ठोकळे खोल केले. त्या नव्या खोल भागात जो गडद राखाडी दगड भरला, त्याचे नाव डीपस्लेट, म्हणजे खोलवरची स्लेट.

डीपस्लेट निसर्गात नाही. स्लेट मात्र आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी ती हाताळलेली आहे. लाकडी चौकटीत बसवलेली आपली दगडी पाटी म्हणजेच स्लेट. तेव्हा या दोघींची तुलना करून पाहू या. मुलाचे उत्तर कुठे बरोबर आहे आणि कुठे चुकले आहे, हे त्यातून कळेल.

खोल म्हणजे किती खोल?

खेळात समुद्राची पातळी शून्याच्या वर सुमारे ६३ ठोकळ्यांवर असते. साधा दगड संपून डीपस्लेट सुरू होतो तो शून्याच्या आसपास, आणि तळ असतो उणे ६४ वर. म्हणजे समुद्रसपाटीपासून तळापर्यंतचे अंतर जेमतेम सव्वाशे मीटर. आपल्याकडची कूपनलिकासुद्धा पुष्कळदा एवढी खोल जाते!

खरी स्लेट बनायला किती खोली लागते? जमिनीत खाली जाताना तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. स्लेट तयार होण्यासाठी साधारणपणे २०० ते ३०० अंशांच्या घरातले तापमान लागते. भागाकार मुलांनाच करू द्या. उत्तर सात ते दहा किलोमीटर असे येईल. दहा किलोमीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर वरच्या खडकांचा भार सुमारे २,७०० किलोग्रॅम असतो.

माणसाने आजवर खणलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला द्वीपकल्पावर आहे. १९८९ मध्ये ते १२,२६२ मीटरपर्यंत पोचले. तिथले तापमान सुमारे १८० अंश निघाले आणि पुढे खणणे अशक्य झाले. खेळातल्या मुलाला मात्र घामही येत नाही. तळाजवळ लाव्हारसाची तळी भेटतात, पण खाली जाताना दगड हळूहळू तापत गेला असे काही होत नाही.

दाब कोणत्या बाजूने?

केवळ खोल पुरल्याने स्लेट बनत नाही, हे त्याहून महत्त्वाचे. समुद्राच्या तळाशी बारीक चिखल साचतो. त्यावर आणखी गाळ साचत जातो, पाणी निघून जाते आणि चिखलाचा शेल हा स्तरित खडक बनतो. पुढे भूकवचाचे दोन भाग एकमेकांवर रेटले जाऊन वली पर्वत तयार होऊ लागले, तर हा शेल बाजूंनी आवळला जातो. उष्णता आणि एका दिशेचा हा दाब यांमुळे मातीच्या खनिजांचे रूपांतर होऊन अभ्रक आणि क्लोराइट यांचे अतिसूक्ष्म पापुद्रे तयार होतात. हे पापुद्रे दाबाच्या दिशेला काटकोनात, एकमेकांना समांतर असे मांडले जातात. नव्याने वाढणारे पापुद्रेही तीच दिशा धरतात. स्लेटवर छिन्नी ठेवून हलका घाव घातला की ती ज्या प्रतलात फुटते, ते हेच प्रतल. या गुणाला पाटन म्हणतात.

स्लेटचे पापुद्रे म्हणजे चिखलाचे मूळचे थर, असे वाटणे साहजिक आहे. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ अॅडम सेजविक यांनी १८३५ मध्ये दाखवून दिले, की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुष्कळदा स्लेटच्या सपाट पृष्ठावर जुन्या थरांचे पट्टे तिरके गेलेले दिसतात. १८५३ मध्ये हेन्री सॉर्बी यांनी स्लेटचे पारदर्शक होतील इतके पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि पाटनाचे कारण दाब हेच असल्याचे मांडले. वेल्समधल्या जांभळ्या स्लेटमध्ये हिरवट ठिपके असतात. मुळात गोल असलेले हे ठिपके चपटे झालेले दिसतात. खडक किती दाबला गेला, याचे मापच त्यातून मिळते.

सॉर्बींनी मऊ मातीत लोहऑक्साइडच्या चकत्या मिसळून आणि ती दाबून हा परिणाम घडवूनही दाखवला होता. वर्गात कणीक आणि पातळ पोहे घेऊन तसाच प्रयोग करता येईल. घट्ट कणकेत मूठभर कोरडे पोहे मिसळून गोळा करा. ताणलेल्या दोऱ्याने अर्धा गोळा कापून पाहा, पोहे वाटेल तसे पडलेले दिसतील. उरलेला अर्धा भाग दोन फळ्यांमध्ये उभा धरून दोन्ही बाजूंनी दाबा आणि पुन्हा कापा. आता बहुतेक पोहे फळ्यांना समांतर झालेले दिसतील.

डीपस्लेटचे गुणदोष

आता खेळातला दगड तपासू. त्याचा गडद राखाडी रंग पटण्यासारखा आहे. खऱ्या स्लेटला हा रंग बहुधा कार्बनच्या सूक्ष्म कणांमुळे येतो.

खेळात डीपस्लेटची कठिणता साध्या दगडाच्या दुप्पट धरली आहे, म्हणून तो खणायला जास्त वेळ लागतो. इथे मात्र गफलत आहे. खऱ्या स्लेटवर लोखंडी खिळ्याने ओरखडा उठतो, ग्रॅनाइटवर सहसा उठत नाही. खोलवरचा खडक तो कठीणच, असा नियम नाही.

खेळातला ठोकळा कोणत्याही बाजूने सारखाच फुटतो आणि त्याचे ओबडधोबड तुकडे होतात. पाटन नाही, म्हणजे स्लेटचा जीवच नाही. तरी निर्मात्यांनी एक खूण राखली आहे. साधा दगड सगळीकडून सारखा दिसतो, पण डीपस्लेटचा माथा आणि बाजू वेगळ्या दिसतात, आणि लाकडाच्या ओंडक्याप्रमाणे तो उभा किंवा आडवा ठेवता येतो. त्या दगडाला दिशा आहे! त्याच्या कौलांसारख्या फरश्याही करता येतात. वेल्समधली आणि हिमाचलातल्या कांगड्याकडची घरे खऱ्या स्लेटनेच शाकारलेली असतात.

डीपस्लेटच्या पट्ट्यात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला टफ हा दगडही सापडतो. ही सोबत योग्य आहे. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली काही स्लेट अशा राखेपासूनच बनली आहे. खेळात शून्याखाली कोळसा जवळजवळ मिळत नाही, हेही जुळते, कारण स्लेट बनवणाऱ्या उष्णतेत साधा कोळसा टिकत नाही, त्याचे अँथ्रासाइटमध्ये रूपांतर होते. सोनेही चालेल. ऑस्ट्रेलियात बेंडिगो येथे वळ्या पडलेल्या स्लेट आणि वालुकाश्मांमधल्या गारेच्या शिरांतूनच सोने काढले गेले. हिऱ्यांचे मात्र जमत नाही. ते सुमारे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खाली बनतात आणि किंबर्लाइटसारख्या खडकांबरोबर वर येतात.

खाणीतली धूळ

खेळात नसलेली आणखी एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. कितीही खणले तरी तिथे धूळ उडत नाही. मध्य प्रदेशात मंदसौर येथे पाटीवर लिहायच्या पेन्सिली शेलमधून कापल्या जात. यांत्रिक करवतींनी उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने त्यांची तपासणी केली आणि १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस झाला होता. हा रोग बरा होत नाही. आपण ज्या पेन्सिलीने 'अ आ इ' गिरवली, तिची ही किंमत कुणीतरी मोजली होती.

मग उत्तराचे काय?

मुलाची खरी चूक खडकाच्या नावात नव्हती. 'खोल' हा एक मजला आहे आणि त्या मजल्यावर ठरलेला खडक भरलेला आहे, असे तो समजला. पृथ्वीवर तसे नाही. वेल्समधली पेनरिन खाण घ्या. तिथला चिखल साचला सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी आणि आवळला गेला सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी. आज ती स्लेट उघड्या डोंगरात आहे, कारण तिच्या डोक्यावरचे कित्येक किलोमीटर जाडीचे खडक झिजून गेले. वर्षाला केवळ दशांश मिलिमीटर झीज धरली, तरी दहा किलोमीटर झिजायला दहा कोटी वर्षे पुरतात. स्लेट आहे म्हणजे हा खडक एकदा खोल जाऊन आला आहे. तिच्यातली खोली ही जागा नसून इतिहास आहे.

आणि आपल्या पायाखाली काय आहे? कोयना परिसरात २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल वेधन पूर्ण झाले. वर सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टचे थर मिळाले आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट आणि नाइस. स्लेट लागली नाही. दुसरीकडे खणले तर दुसरे काही लागेल, कारण प्रत्येक ठिकाणचा इतिहास वेगळा असतो.

हे सारे मी बाईंना पत्राने कळवले. त्यांनी त्या मुलाला शून्याऐवजी एक काम दिले. गावात कूपनलिका खणली जात असेल तिथे जायचे, नाकातोंडावर ओला रुमाल बांधून लांब उभे राहायचे, आणि यंत्र थांबल्यावर दर पन्नास फुटांचा चुरा कागदी पुड्यांत गोळा करून आणायचा. या वेळी त्याने खरोखरच खणून पाहिले. त्याच्या सहा पुड्या आता शाळेच्या कपाटात आहेत. शेजारी बाईंनी आपली लहानपणची दगडी पाटी ठेवली आहे.