पॉलिसीत चूक कंपनीची, क्लेम मात्र आमचा नामंजूर

आपल्या घरांत नावाच्या स्पेलिंगचा घोळ नवा नाही. शेख हे एकच आडनाव आधार कार्डावर एका तऱ्हेने, लायसन्सवर दुसऱ्या आणि आरसी बुकावर तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. गाडीच्या विम्याची पॉलिसी हातात आली की आपण हप्ता आणि शेवटची तारीख तेवढी पाहतो. चूक उघडी पडते ती क्लेमच्या वेळी. विमा जायज की नाजायज या चर्चेत आम्ही येथे शिरत नाही. थर्ड पार्टी विमा कायद्यानेच सक्तीचा आहे, तेव्हा पॉलिसी प्रत्येक गाडीवाल्याला घ्यावीच लागते.

आमच्या पॉलिसीत नाव बरोबर होते, गाडीचा नंबर बरोबर होता. चुकला होता चेसिस नंबरातला एक आकडा: ३ च्या जागी ८. हे कळले ते २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर. वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले, दारातली गाडी छतापर्यंत बुडाली. सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला. पुढे दोन महिन्यांनी पत्र आले की पॉलिसीवरची गाडी ही नव्हे, सबब क्लेम नामंजूर.

शाखेत गेलो तर उत्तर मिळाले, "चाचा, सिस्टीममध्ये दिसते तेच आम्ही धरतो." अब्बांनी मात्र प्रपोजल फॉर्मची झेरॉक्स शाखेचा शिक्का घेऊन जपून ठेवली होती. त्यात नंबर अचूक होता. म्हणजे चूक टाइप करणाऱ्याची. पुढची सगळी लढाई या एका कागदावर उभी राहिली.

नातेवाईक म्हणाले, सबर करा, एवढ्या मोठ्या कंपनीशी कोण भांडणार? आमच्या मते सबर वेगळा आणि आपला हक्क सोडून देणे वेगळे.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. त्यांनी नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर दोन वाटा असतात. एक विमा लोकपालाची. महाराष्ट्रात मुंबई व पुण्यात लोकपालांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील चालत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार त्यांना आता आहे; मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावे लागते. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली. येथे मुदत दोन वर्षांची. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असो. भरलेला मोबदला, म्हणजे विम्यात प्रीमियम, ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. वकील सक्तीचा नाही. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तेच प्रकरण घेत नाहीत, म्हणून वाट आधीच ठरवावी.

आम्ही आयोग निवडला. तक्रार मराठीतच लिहिली. सोबत प्रपोजल फॉर्म, पॉलिसी, आरसी बुक, नामंजुरीचे पत्र आणि प्रतिज्ञापत्र जोडले. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. कंपनीच्या वकिलांचे म्हणणे, पॉलिसी तपासून चूक कळवणे ग्राहकाचे काम होते. ही गोष्ट अगदीच खोटी नाही. चूक वेळीच दिसली तर अर्ज करून ती एन्डॉर्समेंटने दुरुस्त करून घेता येते, आणि तसे करावेच. पण याच गाडीचा प्रीमियम कंपनीने घेतला होता, आणि तिच्याच सर्व्हेअरने गाडीवरचा खरा चेसिस नंबर अहवालात लिहिला होता. त्याचे उत्तर वकिलांकडे नव्हते.

निकालाला दीड वर्ष लागले. मधल्या तारखांना अब्बा चिपळूणहून रत्नागिरीला एसटीने जात. दोनदा तर नुसती पुढची तारीख घेऊन परतले. आयोगाने सेवेतील त्रुटी मान्य केली आणि सर्व्हेअरने ठरवलेली रक्कम व्याजासह देण्याचा आदेश दिला. मानसिक त्रासापोटी मागितले त्याहून बरेच कमी मिळाले. आदेश न पाळणाऱ्याला दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यासाठीचा अर्ज आम्ही लिहून तयार ठेवला होता. तो देण्याआधीच पैसे खात्यात जमा झाले.