वाढत्या लंडनची भुयारी गटारे

१८६६ च्या उन्हाळ्यात लंडन शहरात कॉलऱ्याची साथ पसरली. शहराच्या पश्चिम भागाला तिची झळ फारशी लागली नाही. पूर्व लंडनमध्ये मात्र साडेपाच हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. नव्या भुयारी गटार योजनेचे काम अन्यत्र बहुतांशी पूर्ण झाले होते. ते अपूर्ण राहिले होते ते याच भागात. वाढत्या शहरात गटारांचा विस्तार लोकवस्तीच्या मागे पडला, तर त्याचे मोल कोणाला द्यावे लागते, हे या साथीने दाखवून दिले.

१८०१ साली लंडनची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. १८५१ पर्यंत ती २३ लाखांवर गेली. त्याआधी घराघरांतील मैला शौचकूपांत साठत असे आणि तो रात्री उपसून शेतांत खत म्हणून नेला जाई. पाण्याने धुऊन निघणारी शौचालये रूढ झाल्यावर हे कूप भरून वाहू लागले. ते बंद करून घरे थेट गटारांना जोडण्याचे धोरण १८४० च्या दशकाच्या अखेरीस स्वीकारण्यात आले. परंतु ती गटारे मूळची पावसाच्या पाण्यासाठी होती आणि थेम्स नदीत रिकामी होत. त्याच नदीचे पाणी अनेक घरांत पिण्यासाठी येत असे. १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये सुमारे १४ हजार लोक दगावले.

जबाबदारीची विभागणी

१८५५ च्या कायद्याने मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स ही मध्यवर्ती संस्था निर्माण झाली. मुख्य गटारे तिच्याकडे आली, तर गल्लीबोळांतील गटारे 'व्हेस्ट्री' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक समित्या व जिल्हा मंडळे यांच्याकडे राहिली. स्थानिक समितीला नवे गटार बांधण्यापूर्वी मध्यवर्ती मंडळाची मान्यता घेणे बंधनकारक झाले.

ही अट केवळ कागदी नव्हती. उत्तर लंडनमधील इझलिंग्टनची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ९५ हजार होती. १८९१ मध्ये ती ३ लाख १९ हजारांवर पोहोचली. शेतांच्या जागी घरांच्या रांगा उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक नवी रांग खालच्या गटारावरील भार वाढवीत होती. प्रत्येक वस्तीने आपल्या सोयीने उतार व आकार ठरविला असता, तर वरच्या वस्तीचे सांडपाणी सखल भागातील तळघरांत शिरले असते.

बॅझलजेट यांची योजना

मंडळाचे मुख्य अभियंता जोसेफ बॅझलजेट यांची योजना निधी व मंजुरीअभावी रेंगाळली होती. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज असह्य झाले, तेव्हा तीस लाख पौंडांचे कर्ज उभारण्याची मुभा देणारा कायदा अवघ्या काही आठवड्यांत संमत झाला.

योजनेचे तत्त्व सोपे होते. नदीकडे उतरणाऱ्या जुन्या गटारांना आडवी छेदणारी मोठी गटारे नदीला समांतर बांधायची आणि त्यांतून सांडपाणी शहराच्या पूर्वेस दूर न्यायचे. उत्तरेस तीन, तर दक्षिणेस दोन पातळ्यांवर अशी सुमारे १३२ किलोमीटर लांबीची मुख्य गटारे बांधण्यात आली. अनेक ठिकाणी गटारांचा छेद अंड्यासारखा, खाली निमुळता ठेवण्यात आला. त्यामुळे पाणी कमी असतानाही प्रवाहाला वेग राही आणि गाळ साचत नसे. जेथे उतार पुरेना, तेथे वाफेच्या यंत्रांनी पाणी उचलावे लागे. त्यासाठी क्रॉसनेस येथील उदंचन केंद्र १८६५ मध्ये सुरू झाले. पूर्व भागाला आवश्यक असलेले ॲबे मिल्स केंद्र मात्र १८६८ मध्ये कार्यान्वित झाले. तोवर १८६६ ची साथ येऊन गेली होती. त्या साथीत दूषित पाणी पूर्व लंडनच्या पाणीपुरवठ्यात शिरल्याचे विल्यम फार यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. गटारे आणि पाणीपुरवठा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, ही जाणीव त्यातून दृढ झाली.

प्रश्न पुढे सरकला

योजना पूर्ण झाल्यावर लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ पुन्हा आली नाही. तथापि, सांडपाण्यावर प्रक्रिया होत नव्हती. बेक्टन व क्रॉसनेस येथे ते साठवून ओहोटीच्या वेळी नदीत सोडले जाई. ३ सप्टेंबर १८७८ रोजी 'प्रिन्सेस ॲलिस' ही प्रवासी बोट याच परिसरात टक्कर होऊन बुडाली आणि सहाशेहून अधिक लोकांचा बळी गेला. त्यावेळी नदीतील मैल्याबाबत तीव्र लोकक्षोभ उसळला. पुढे शाही आयोग नेमला गेला आणि रसायनांच्या साहाय्याने गाळ वेगळा करण्यास सुरुवात झाली. १८८७ पासून हा गाळ जहाजांनी समुद्रात टाकला जाऊ लागला. ही प्रथा १९९८ पर्यंत चालू राहिली.

बॅझलजेट यांनी सुमारे साडेचौतीस लाख लोकवस्ती गृहीत धरली होती. १८८१ मध्येच लंडनची लोकसंख्या ३८ लाखांवर गेली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी समांतर अशी नवी मुख्य गटारे बांधावी लागली.

घरगुती सांडपाणी व पावसाचे पाणी एकाच गटारातून वाहत असल्याने मुसळधार पावसात जादा पाणी नदीत सोडण्याची सोय मूळ रचनेतच होती. शहर वाढले, जमीन काँक्रीटखाली गेली आणि ही अपवादात्मक सोय वारंवार वापरली जाऊ लागली. ती कमी करण्यासाठी थेम्सखाली २५ किलोमीटरचा नवा बोगदा बांधण्यात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या सर्व जोडण्या पूर्ण झाल्या. व्हिक्टोरियाकालीन विटांची गटारे मात्र आजही सेवेत आहेत. नव्या बोगद्याने त्यांची जागा घेतलेली नाही, त्यांचा भार हलका केला आहे.