श्वासाचा खर्च कोणी सोसावयाचा?

मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे बेवारस पडून असलेल्या क्लोरिनच्या सिलिंडरांतून जुलै २०१० मध्ये वायू गळू लागला. शंभराहून अधिक लोकांना बाधा झाली; मदतीस धावलेले अग्निशामक दलाचे जवानही त्यांत होते. ज्यांनी इतरांना वाचवावयाचे, तेच रुग्णाईत व्हावेत, ही गोष्ट दैवावर सोडून मोकळे होता येणार नाही.

क्लोरिन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड. तो सखल जागी साचतो आणि डोळ्यांतील व फुफ्फुसांतील ओलाव्याशी संयोग पावून आम्ल निर्माण करतो. गाळणीचा मुखवटा विशिष्ट वायूंपुरता व मर्यादित प्रमाणापर्यंतच उपयोगी. हवेत प्राणवायूच कमी असेल तर तो निरर्थक ठरतो. वायू कोणता व किती हे ठाऊक नसताना पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा पुरविणारे श्वसनयंत्र आणि सर्वांग झाकणारा वायुरोधक पोशाख, हाच खरा आधार.

परंतु ही साधने एकदा विकत घेऊन भागत नाही आणि हिशेब चुकतो तो येथेच. अर्धा-पाऊण तासाचा म्हणून दिलेला सिलिंडर धावपळीत त्याआधीच रिकामा होतो. म्हणजे राखीव सिलिंडर हवेत, ते भरण्याचे यंत्र हवे, ठराविक मुदतीने दाबाची चाचणी हवी. मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे. दाढीचे खुंटही फट ठेवतात. बंद पोशाखात उष्म्याने जीव कासावीस होतो, म्हणून नित्य सराव हवा, जोडीने आत जाण्याची शिस्त हवी आणि बाहेर दुसरी जोडी सज्ज हवी.

अंदाजपत्रकाच्या भाषेत खरेदी हा भांडवली खर्च. देखभाल व प्रशिक्षण हा दरसालचा. पहिल्याचा समारंभ होतो, दुसऱ्याचे छायाचित्र निघत नाही. काटकसरीची कात्री साहजिकच दुसऱ्यावर चालते. मात्र असा वाचविलेला पैसा अखेर जवानाच्या फुफ्फुसांच्या खाती नावे पडतो.

धोकादायक मालाचा नफा मालक घेतो, जोखीम जवान उचलतो. माल बेवारस झाल्यावर पैसे मागावयाचे तरी कोणाकडे? म्हणून साठवणुकीच्या परवाना-शुल्कातच स्थानिक दलाच्या श्वसनसाधनांचा दरसालचा खर्च धरला जावा आणि तो निधी अन्यत्र वळविण्यास मज्जाव असावा. जवानांच्या शौर्याचा गौरव अवश्य व्हावा. तत्पूर्वी त्यांना श्वास घेण्यापुरती हवा पुरविणे हे समाजाचे कर्तव्य आहे.