तुकडा केवढा असावा?

मुलुंड स्थानकाबाहेर घेतलेली चण्यांची पुडी लोकलमध्ये बसल्यावर उलगडली आणि आतल्या बाजूस कुणा अपरिचित गृहस्थाच्या कर्जाच्या अर्जाची झेरॉक्स प्रत निघाली. नाव, इमारत, मजला, पॅनचा दहा अक्षरी क्रमांक आणि तळाशी सुवाच्य सही, एवढा ऐवज मूठभर चण्यांबरोबर माझ्या हाती आला होता. तो कागद मी घरी आणून बारीक फाडला. पण फाडता फाडता असा प्रश्न पडला की, कागदाचे किती बारीक तुकडे केले म्हणजे तो खरोखर नष्ट झाला असे म्हणावे? उपनगरांतील घरांत आता कागद कातरण्याचे छोटे यंत्र, ज्यास दुकानात श्रेडर म्हणूनच मागावे लागते, दिसू लागले आहे, आणि ते घेणारा गिऱ्हाईक बहुधा एका वेळी किती कागद जातात एवढेच विचारतो. माझ्या मते त्याने आधी तुकड्याचे माप विचारावे.

साध्या यंत्रातून कागदाच्या लांब पट्ट्या निघतात. ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. पट्टी ६ मिलिमीटरची धरली तर अवघ्या ३५ पट्ट्या होतात, आणि त्या क्रमाने लावणे हे चिकाटीच्या माणसाचे एका दुपारचे काम आहे. १९७९ साली तेहरानमधील अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली गेली तेव्हा आतल्या कर्मचाऱ्यांनी घाईघाईने कातरलेल्या दस्तऐवजांच्या अशाच पट्ट्या इराणी लोकांनी जुळवल्या. त्या कामी गालिचे विणणारे कारागीर बसवले होते असे सांगतात, आणि जुळलेले कागद पुढे ग्रंथरूपाने छापूनही निघाले.

पट्टी आडवीही छेदली की प्रकरण निराळे होते. अशा यंत्राचा नेहमीचा तुकडा ४ बाय ४० मिलिमीटरचा, म्हणजे १६० चौरस मिलिमीटरचा असतो, आणि एका ए-४ कागदाचे असे सुमारे ३९० तुकडे होतात. २०१२ साली जर्मनीत ठरलेल्या आणि पुढे आंतरराष्ट्रीय झालेल्या मानकात पी-१ पासून पी-७ पर्यंत ज्या सात पायऱ्या आहेत, त्यांत हा तुकडा चौथ्या पायरीवर बसतो. पाचव्या पायरीचा तुकडा ३० चौरस मिलिमीटरच्या आत, म्हणजे लांबट तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, आणि कागदाचे तुकडे दोन हजारांवर. मात्र तुकडा जितका लहान तितके पाते अधिक ठिकाणी चालते, मोटारीवर भार वाढतो आणि एका वेळी जाणाऱ्या कागदांची संख्या घटते. २०११ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने कातरलेल्या कागदांची पाच कोडी जाहीर केली, तेव्हा विजयी चमूस संगणकाचे साहाय्य असूनही ती सोडवण्यास ३३ दिवस लागले आणि त्यासाठी ५० हजार डॉलरांचे पारितोषिक होते. घाटकोपरच्या एखाद्या कुटुंबाच्या बँकखात्याच्या उताऱ्यासाठी एवढा उद्योग कोणी करील असे मला वाटत नाही. घरासाठी पी-४ पुरेसे आहे.

पण हे पुरेसेपण कागद कसा घातला यावर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. तुकडा ४० मिलिमीटर लांब असतो तो कागद यंत्रात ज्या दिशेने शिरतो त्या दिशेस. ओळी पात्यांना समांतर जातील असा कागद घातला, तर बारीक टंकातला आधारचा बारा अंकी क्रमांक एका तुकड्यावर अखंड उरू शकतो. ओळी पात्यांना आडव्या येतील असा घातला, तर ४ मिलिमीटरच्या रुंदीत जेमतेम एक-दोन अंक राहतात. देवनागरी मजकुरास तर हे अधिकच लागू, कारण शिरोरेषा तुकडे जुळवणाऱ्यास आयती खूण पुरवते. तेव्हा घालण्यापूर्वी कागद एकदा पाहावा आणि जरूर तर फिरवावा.

यंत्राच्या पोटात दोन समांतर दंडांवर चकत्या एकमेकींत गुंतलेल्या असतात व उलट दिशांनी फिरून कागद कातरतात. आडव्या छेदासाठी चकत्यांना जे दात असतात ते दंडावर मळसूत्री क्रमाने बसवलेले असतात, म्हणजे सर्व दातांचा भार एकदम पडत नाही. छोट्या यंत्राची मोटार लवकर तापते, म्हणून दोन-तीन मिनिटांनंतर ती आपोआप बंद पडते व वीस-तीस मिनिटे विश्रांती मागते. हा बिघाड नव्हे. खरी अडचण आपल्याकडे पावसाळ्यात येते. कागदातील सेल्युलोज हवेतले बाष्प शोषते, तंतू मऊ पडतात, आणि ताठ कागद जिथे कातरला जातो तिथे ओलसर कागद दुमडून पात्यांभोवती गुंडाळतो. खोक्यावर छापलेली क्षमता कोरड्या, पातळ कागदावर मोजलेली असते. सहाचे यंत्र जुलैत बोरिवलीच्या घरी चारांवर चालवावे. निर्मात्याने सांगितलेले तेल एका कागदावर नागमोडी रेषेत सोडून तो कागद आत घालावा. फवाऱ्याच्या डब्यातले तेल मात्र कदापि नको, कारण त्यातला वायू मोटारीच्या ठिणगीने पेटू शकतो. कागद शिरताच आपोआप सुरू होणारे यंत्र मुलाचे बोट, पदर आणि कागद यांत भेद करीत नाही. काम झाले की प्लग काढून ठेवावा.

काय कातरावे हा प्रश्न यंत्रापेक्षा कठीण आहे, आणि त्याचे उत्तम उत्तर महाराष्ट्राच्या प्रशासनात पूर्वीच सापडले आहे. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात आपल्या कचेरीचे दप्तर सहा गठ्ठ्यांत लावण्याची जी पद्धत घातली, तिच्यात पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा आणि सहावा नष्ट करावयाच्या 'ड' वर्गाच्या कागदांचा आहे. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते, कारण तीत नाशाचा निर्णय मुदतीवर आणि वर्गवारीवर बेतलेला आहे, कपाट भरल्याच्या वैतागावर नव्हे. घराचा करारनामा, सूची क्रमांक दोन, सोसायटीचे भागपत्र हे पाचव्या गठ्ठ्यातले; प्राप्तिकराचे पुरावे कायद्याची मुदत सरेपर्यंत तिथेच. जुन्या बिलांवरचे नाव-पत्ते, रद्द झालेले धनादेश, आधारच्या उरलेल्या झेरॉक्स प्रती सहाव्यातल्या. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत अधिकृतपणे मिळते. जिथे ती चालते तिथे तीच दिली की कातरायचे कागद आपोआप कमी होतात.

कातरलेला सुटा भुसा रद्दीवाला सहसा घेत नाही, आणि तोकड्या झालेल्या तंतूंचा नवा कागदही कमजोर होतो. साध्या कागदाचा भुसा सोसायटीच्या खतखड्ड्यात ओल्या कचऱ्याबरोबर थराथराने घालता येतो. एटीएमच्या चिठ्ठ्या व दुकानांची गुळगुळीत बिले मात्र त्यात घालू नयेत, कारण त्या कागदावर रसायनांचा लेप असतो.

आणि एक विनंती. आजोबांच्या पेटीतून वाचता न येणारे मोडी लिपीतले कागद निघाले, तर ते सहाव्या गठ्ठ्यात टाकू नका. पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ असेच कागद जपत आले आहे. आधी ते तिथे कुणा जाणकारास दाखवा.