मुलांना बाबासाहेब सांगताना

तायांनो, १४ एप्रिल जवळ आला की मुलं भाषण पाठ करतात. जन्म १८९१, गाव महू, घटनेचे शिल्पकार. टाळ्या पडतात, विषय संपतो. घरी मात्र आपण गोष्ट सांगू शकतो. सुरुवात पाण्यापासून करा.

साताऱ्याच्या शाळेत छोटा भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. जात अस्पृश्य मानलेली, म्हणून नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच. इथे थांबा आणि विचारा, "तुझ्याशी असं वागले तर?" उत्तर मुलांनाच देऊ द्या.

मग महाडची गोष्ट सांगा. तिथलं चवदार तळं नगरपालिकेने सर्वांना खुलं केलं होतं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आपल्या लोकांना घेऊन तिथे गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यावरून कोर्टात दावा झाला. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागला तो १९३७ साली! मिळालेला हक्क वापरायलाही धीर लागतो, हे मुलांना यातून कळतं.

एखादं मूल विचारेल, "आपल्या गावात सगळे एकाच नळावर भरतात का गं?" त्याला गप्प करू नका, खरं ते सांगा. आणि आपल्या गटाच्या बैठकीत चहाचे कप सगळ्यांना सारखेच असतात ना, तेही बघा. मुलं आपलं ऐकतात कमी, बघतात जास्त.