सुई, शिबिर आणि किलोभर डाळ

लसीकरणाचा आकडा घसरला की खापर फुटतं ते आईबापांवर. अडाणी आहेत, सुईला घाबरतात, अफवांना बळी पडतात. मग जनजागृतीची पत्रकं निघतात. ‘सेवा मंदिर’ ही संस्था आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकारी संशोधकांनी राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात १३४ गावांत केलेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वेगळंच सांगतो. तिथे सरकारी लस फुकट होती, पण उपकेंद्रातली नर्स जवळपास निम्म्या वेळा जागेवर नसायची. मजुरी बुडवून, पोर कडेवर घेऊन आलेल्या आईला कुलूप दिसलं, तर ती पुन्हा कशाला येईल? म्हणून काही गावांत दरमहा ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी शिबिर भरवलं. नर्स खरंच पोचली याचा पुरावा म्हणून तारीख-वेळ उमटलेला फोटो लागे. आणखी काही गावांत शिबिराच्या जोडीला दर लशीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर थाळ्या दिल्या. एक ते तीन वर्षांच्या मुलांतलं पूर्ण लसीकरण यातलं काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के, नुसत्या शिबिराच्या गावांत १८ आणि डाळीच्या गावांत ३९ टक्के भरलं. मला त्याहून बोलकं वाटतं ते हे: किमान एक लस घेतलेल्या मुलांचं प्रमाण दोन्ही तऱ्हेच्या शिबिरांत जवळपास सारखंच होतं. म्हणजे लशीला विरोध असा फारसा नव्हता. गळती व्हायची ती पुढच्या खेपांना.

डाळ म्हणजे लाच, असा आक्षेप घेतला जातो. पण लशीचा फायदा उद्याचा आणि न दिसणारा, बुडालेली मजुरी मात्र आजची. शिवाय एका मुलाच्या लशीने शेजारची मुलंही वाचतात, तेव्हा समाजाने थोडी झळ सोसली तर बिघडलं कुठे? आणि झळ तरी कसली! पाच मुलं येवोत की पंधरा, नर्सचा पगार तेवढाच. गर्दी वाढल्यामुळे एका मुलाच्या पूर्ण लसीकरणाचा खर्च ५६ डॉलरवरून २८ वर आला. उदयपूरचं उत्तर सगळीकडे लागू पडेल का, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. नाहीच पडणार. नंतर हरियाणाच्या सात जिल्ह्यांत बक्षीस, एसएमएस आणि गावात बातमी पसरवण्यात पटाईत माणसं (ती कोण, हे गावकऱ्यांनाच विचारलं होतं) अशा उपायांच्या निरनिराळ्या जोड्या तपासल्या गेल्या. टप्प्याटप्प्याने वाढत जाणारं मोबाइल रिचार्जचं बक्षीस, एसएमएस आणि ही माणसं एकत्र आली तिथे गोवराच्या लशी ४४ टक्क्यांनी वाढल्या. पण खर्चाच्या मानाने सरस ठरली ती एसएमएस आणि पटाईत माणसांची बिनबक्षिसाची जोडी.